पोपट क्रमांक तीन

"घरात पोपट आणायचा, त्यात काय एवढं?" निरीक्षक म्हणाला. "सोळा वर्षं मी कारखान्यांचे बॉयलर तपासतोय. बॉयलरपुढे पोपट म्हणजे हातचा मळ."

त्याची बायको दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगून ती इतकी दमायची, की घरी कुणाचं तोंड आपणहून उघडलेलं दिसलं तर ती आपली गप्प बसून घ्यायची.

निरीक्षकाचं काम म्हणजे कारखान्यांत जायचं आणि कुठे काय धोका आहे ते शोधायचं. आग विझवायची बाटली रिकामी, जिन्याचा कठडा ढिला, यंत्राला जाळी नाही, असं सगळं त्याला दारातूनच दिसायचं. वीसपेक्षा कमी चुका घेऊन त्याच्या हातून कुणी सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. घरीसुद्धा तो खुर्चीवर बसायच्या आधी ती हलवून बघायचा.

पोपट हवा होता तो मात्र त्याला नाही, सासूबाईंना. सासूबाईंनी तीस वर्षं टपाल कचेरीच्या खिडकीत बसून तिकिटं विकली होती. दिवसाला दोनशे माणसांशी बोलायची त्यांची सवय. सासरे गेले आणि त्या लेकीकडे राहायला आल्या, तेव्हापासून सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा घरात बोलायला कुणी नाही. होते ते दोनच जीव. एक कुत्रा, ज्याचं नाव हवालदार. अंगानं गादीएवढा आणि स्वभावानंही गादीच. दुसरी मांजर, तिला सगळे मॅडम म्हणत. घरातली ही सगळी माणसं आपण नोकरीवर का ठेवली, असा पश्चात्ताप तिच्या चेहऱ्यावर कायम असायचा. सासूबाई हवालदाराशी बोलायला लागल्या की तो घोरायचा आणि मॅडमशी बोलायला लागल्या की ती पाठ फिरवायची.

एकदा जेवताना सासूबाई सहज म्हणाल्या, "या घरात उलट उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं."

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं लगेच खिशातली डायरी काढून 'पोपट' असं लिहून घेतलं.

गावाच्या टोकाला पक्ष्यांचा एक निवारा होता. मालकांना सांभाळता न आलेले पक्षी तिथे ठेवलेले असत, आणि चांगलं घर मिळालं की ते दिले जात. घर चांगलं आहे की नाही, हे ठरवायला निवाऱ्याच्या बाई स्वतः येऊन बघून जात. निरीक्षकानं फोन केला तेव्हा त्यांनी रविवारी अकराची वेळ दिली आणि दोन पानी सूचना पाठवल्या. सोबत त्यांच्याकडच्या एका पोपटाची गळून पडलेली मूठभर हिरवी पिसं पाकिटातून पाठवली. घरातल्या प्राण्यांना वासाची सवय होऊ द्या, म्हणाल्या.

"दोन पानं," निरीक्षक म्हणाला. "लिफ्टसाठीसुद्धा बारा पानं असतात." आणि त्यानं एकोणीस पानांची नियमावली तयार केली.

दुसऱ्याच दिवसापासून घराचा कारखाना झाला. न चिकटणारे तवे तापले की त्यांचा धूर पक्ष्याला घातक असतो, म्हणून ते खोक्यात गेले. उदबत्त्या, अत्तरं, खोलीत फवारायचे डबे, सगळं खोक्यात गेलं. आरशात बघून पक्षी धडकू नये म्हणून आरशांवर चादरी चढल्या. बायको तीन दिवस अंदाजानं टिकली लावून दवाखान्यात जात होती. खिडक्यांना जाळ्या बसल्या. संडासाच्या दारावर 'झाकण बंद ठेवा, पक्षी बुडू शकतो' अशी पाटी लागली. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या गेल्या. पिवळ्या पट्टीवरून कुत्र्यानं चालायचं, लाल पट्टीवरून मांजरीनं.

"आणि मी कुठून चालू?" बायकोनं विचारलं.

"तू पाहुण्यांच्या पट्टीवरून चाल. निळी आहे ती."

इथवर सगळं ठीक होतं. पण निरीक्षकाच्या मते खरा धोका आग लागल्यावर कळतो, म्हणून आधी सराव करावा लागतो. पोपट येण्याआधी पोपटाचा सराव झाला पाहिजे. त्यासाठी पोपट पाहिजे.

"मी शिवून देते की," सासूबाई म्हणाल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना कुणी काम सांगितलं होतं.

त्यांनी जुना हिरवा पायमोजा घेतला, आत कापूस भरला, लाल कापडाची चोच लावली, आणि निवाऱ्यातून आलेली पिसं एकेक करून वरून टाचली. पोपट इतका हुबेहूब झाला की निरीक्षक दोनदा त्याच्या मागे जाऊन दचकला. त्यानं डायरीत नोंद केली, 'पोपट क्रमांक एक.' मग पडद्याच्या दांडीवरून एक नायलॉनचा दोरा ओढला, पोपट त्याला अडकवला आणि दोऱ्याचं टोक हातात घेऊन तो दाराआड उभा राहिला. योजना अशी की शिट्टी वाजली की सराव सुरू, पोपट दांडीवरून सरकेल, कुत्र्यानं तिकडे दुर्लक्ष करायचं आणि दुर्लक्ष केल्याबद्दल बिस्कीट खायचं.

शिट्टी वाजली. पोपट डुलत डुलत निघाला. आणि ज्या हवालदारानं चार वर्षांत पोस्टमनकडेसुद्धा मान वर करून पाहिलं नव्हतं, तो जमिनीपासून दोन हात वर हवेत दिसला.

चार मिनिटांत पोपटाची मान एकीकडे आणि धड दुसरीकडे. घरभर कापूस. हवालदार इतका थरथरत होता की त्याला शांत करायला निरीक्षकानं बिस्कीट दिलं.

"म्हणजे आता त्याला काय वाटलं असेल?" बायकोनं विचारलं.

"काय?"

"शिट्टी वाजली की पोपट फाडायचा आणि पोपट फाडला की बिस्कीट मिळतं."

"हा घाईचा निष्कर्ष आहे," निरीक्षक म्हणाला.

"अहो, खरा पोपट यायच्या आधीच तुमचा पोपट होणार आहे, एवढं सांगून ठेवते."

पोपट क्रमांक दोन शिवला गेला. या खेपेला हवालदाराला बाहेर बांधलं आणि मॅडमची परीक्षा घेतली. पोपट तिच्या मिशीसमोरून सहा वेळा गेला. तिनं जांभई दिली. निरीक्षकानं 'उत्कृष्ट' असा शेरा लिहिला, त्याखाली दोन रेघा ओढल्या आणि समाधानानं अंघोळीला गेला. मॅडमनं तो जाईपर्यंत वाट पाहिली. मग टेबलावर उडी मारून पोपट तोंडात धरला, शांतपणे लाल पट्टीवरूनच चालत संडासात गेली आणि त्याला भांड्यात सोडून आली. झाकण उघडं होतं. सकाळी शेवटी आत कोण गेलं होतं, याचा तपास निरीक्षकानं स्वतःच मध्येच थांबवला.

ही झाली शनिवारची गोष्ट. उरलेल्या पिसांतून सासूबाईंनी तिसरा पोपट शिवला. दुसऱ्याची पिसं वाया जाऊ नयेत म्हणून रविवारी सकाळी त्याला धुवायच्या मशीनमध्ये टाकलं. बायकोला कुणाच्या तरी दुखऱ्या दाढेसाठी अचानक दवाखान्यात जावं लागलं. निरीक्षक आतल्या खोलीत शिडीवर चढून तिसऱ्या पोपटाचा दोरा ओवत बसला. अकराला दहा मिनिटं कमी असताना निवाऱ्याच्या बाई आल्या.

दार उघडलं सासूबाईंनी. मशीनची घरघर सहन होत नाही म्हणून त्यांनी कानातलं यंत्र काढून ठेवलं होतं. त्यामुळे त्या ऐकत कमी होत्या आणि बोलत नेहमीपेक्षा जास्त.

निवाऱ्याच्या बाई बारीक अंगाच्या, चष्मेवाल्या, काखेत फाईल. त्यांनी पाऊल आत टाकलं आणि पहिल्यांदा त्यांना दिसलं ते सोफ्याखाली पडलेलं हिरवं पीस. मग टेबलाखाली दुसरं. मग हवालदाराच्या मिशीला चिकटलेलं तिसरं. आपणच पाकिटातून पाठवलेली पिसं त्यांना त्या क्षणी आठवलीसुद्धा नाहीत.

"आजी," त्या हळूच म्हणाल्या, "तुमच्याकडे आधी पोपट होता का?"

"पहिला ना?" सासूबाईंना तेवढा एक शब्द ऐकू आला. "पहिला गेला हो. हवालदारानं मान तोडली."

"हवालदारानं?"

"तसा गरीब आहे तो. पण शिट्टी ऐकली की त्याच्या अंगात येतं. चार मिनिटंसुद्धा टिकला नाही बिचारा. मीच गोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला."

बाईंनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. "आणि मग?"

"बसा ना. उभ्या का?" सासूबाई म्हणाल्या. "दुसरा फार देखणा झाला होता. पण त्याला मॅडमनी संडासात बुडवलं. त्या काय, फ्रिजवर बसल्यात बघा. आता तो मशीनमध्ये आहे."

"कशात?"

सासूबाईंनी कौतुकानं मशीनकडे बोट दाखवलं. बाई वाकल्या. गोल काचेच्या आत फेस उसळत होता आणि त्या फेसातून एक हिरवा पंख वर आला, काचेला चिकटला आणि परत खाली गेला. थप, थप, थप असा आवाज येत होता.

बाई सोफ्यावर बसल्या.

"थंड पाण्यातच टाकलाय," सासूबाई म्हणाल्या. "गरम पाण्यात रंग जातो."

तेवढ्यात आतून निरीक्षक आला. शर्टभर पिसं, हातात दोरा, गळ्यात शिट्टी. सासूबाईंनी पाहुण्यांना सगळी माहिती दिलेली दिसली म्हणून त्याचा चेहरा उजळला. बाईंचा रंग पार उतरलेला होता, पण तपासणीला गेल्यावर समोरच्याचा रंग उतरलेला बघायचीच त्याला सवय होती.

"नमस्कार," तो म्हणाला. "आईंनी पहिल्या दोघांबद्दल सांगितलंच असेल. आमच्या अपेक्षेपेक्षा दोघंही फार लवकर गेले. पण त्यातून शिकायला खूप मिळालं."

"शिकायला?" बाई म्हणाल्या.

"सगळ्याच्या लेखी नोंदी आहेत." त्यानं टेबलावरची आपली फाईल पुढे केली. बाईंनी पान उलटलं. 'पोपट क्र. १. टिकला चार मिनिटे. कारण, हवालदार. पोपट क्र. २. बुडून. वाळल्यावर पुन्हा वापरता येईल.'

"आणि... तिसरा?"

"तिसरा आतल्या खोलीत टांगलाय," निरीक्षक अभिमानानं म्हणाला. "गळ्याऐवजी पोटाला दोरा बांधलाय या वेळी. गळा निघून येतो."

बाईंनी फोन काढला. त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "हां, मीच बोलतेय. ताबडतोब गाडी घेऊन निघा. पिंजरा आणा, मोठा. आणि आपल्या डॉक्टरांनाही घ्या बरोबर. नाही, मी इथेच थांबते, यांना एकटं सोडून चालणार नाही."

निरीक्षकाला भरून आलं. एवढ्या लवकर मंजुरी त्यानं स्वतः कधी कुणाला दिली नव्हती.

"आजच आणताय पोपट?" तो म्हणाला. "मग निदान आमचा सराव तरी बघून घ्या." आणि बाई काही बोलायच्या आत त्यानं शिट्टी फुंकली.

पुढचं सगळं तीन श्वासांत झालं. हवालदार गादीवरून सुटला. तो पिवळी पट्टी सोडून निळ्या पट्टीवरून आतल्या खोलीत घुसला आणि लटकणाऱ्या पोपटावर झेपावला. दोरा ताणला, दांडी निखळली, पडदा हवालदाराच्या डोक्यावर आला. आंधळा हवालदार शिडीवर आदळला, शिडी दारावर आदळली, आणि पोपट क्रमांक तीन दोऱ्यासकट गोफणीतून सुटावा तसा दारातून बाहेर आला. बैठकीच्या खोलीत एक गिरकी घेऊन तो उतरला तो थेट निवाऱ्याच्या बाईंच्या मांडीवर.

त्या बाईंची मात्र कमाल. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. त्यांनी एका क्षणात पोपट रुमालात गुंडाळला, अंगाखाली घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात पाठ केली आणि पडद्यासकट धावत येणाऱ्या हवालदाराला एक लाथ हाणली. "मी आहे ना," त्या रुमालात तोंड घालून पुटपुटत होत्या. "घाबरू नको बाळा, मी आहे." मग दोन बोटं छातीवर ठेवून त्या हलके हलके दाबायला लागल्या. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन.

नेमकी याच वेळी बायको दार उघडून आत आली. पडदा नेसलेला कुत्रा, फ्रिजवर पाठमोरी मांजर, हात जोडून उभी आई, तोंडात शिट्टी धरलेला नवरा, आणि एक अनोळखी बाई एका पायमोज्याची छाती दाबतेय.

"काही होणार नाही त्यानं," बायको नेहमीच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणाली. "आत कापूस आहे."

बाईंची बोटं थांबली. त्यांनी रुमाल उघडला. पोपटाच्या डोळ्याच्या जागी चार भोकांचं शर्टाचं बटण त्यांच्याकडे बघत होतं. त्यांनी पोट चिमटीत दाबून पाहिलं. मग उठल्या, थांबलेल्या मशीनचं दार उघडून दुसरा पोपट बाहेर काढला, त्यालाही पिळून पाहिलं. दोन्ही पोपट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि फोन लावला.

"गाडी वळवा," त्या म्हणाल्या. "नाही, सगळे ठीक आहेत. नंतर सांगते. आत्ता सांगितलं तर तुम्हाला गाडी चालवता येणार नाही."

मग त्या निरीक्षकाकडे वळल्या. निरीक्षकाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की तपासणाऱ्या माणसाचे डोळे समोरून कसे दिसतात.

"हे सगळं कशासाठी?" बाईंनी विचारलं. "पोपट नक्की हवाय कुणाला?"

निरीक्षकाची फाईल त्या वेळी हवालदाराच्या खाली होती. त्यामुळे त्याला तोंडीच सांगावं लागलं.

"आईंना," तो म्हणाला. "आम्ही दोघं सकाळी नऊला जातो ते सहाला येतो. तोपर्यंत त्यांच्याशी बोलायला घरात कुणी नसतं. मला वाटलं, पोपट आला आणि चार दिवसांत त्याचं काही बरंवाईट झालं, तर आईंना ते सहन व्हायचं नाही. म्हणून जरा..." त्यानं घरावरून नजर फिरवली. "जरा जास्तच झालं."

सासूबाईंनी एव्हाना यंत्र कानात घातलं होतं. त्यांनी हे सगळं ऐकलं आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवत पडद्याची घडी घालायला घेतली. पण घडी तीन वेळा चुकली.

बाईंनी बराच वेळ घरभर फिरून पाहिलं. खिडकीच्या जाळ्या ओढून बघितल्या, तवे कुठे ठेवलेत ते विचारलं, आतल्या खोलीचं दार नीट लागतं ना ते तपासलं. निघताना त्यांनी पोपट क्रमांक तीन मागून घेतला. निवाऱ्यात दाखवायला, म्हणाल्या.

बुधवारी अहवाल आला. निरीक्षकानं तो उभ्यानंच वाचला. घर योग्य. पक्ष्याच्या पालक म्हणून आजींचं नाव. पक्ष्याची खोली वेगळी, दार कायम बंद. आणि सगळ्यात खाली एक कलम होतं. 'आजी हजर असल्याशिवाय पक्ष्याला पुढील सदस्यांबरोबर खोलीत ठेवू नये. एक, कुत्रा. दोन, मांजर. तीन, जावई.'

त्यानं कलमात पळवाट शोधली. सापडली नाही. अहवाल नियमानुसार होता. त्यानं सही केली.

शुक्रवारी पोपट आला. हिरवागार, वयस्कर, चेहऱ्यानं गंभीर. सासूबाई दिवसभर त्याच्या खोलीत बसून त्याला टपाल कचेरीच्या गोष्टी सांगू लागल्या. हवालदारानं बंद दाराचा एकदा वास घेतला आणि झोपला. मॅडमनं तेवढीही तसदी घेतली नाही.

निरीक्षक संध्याकाळी सहाला घरी आला, हातपाय धुतले, केस विंचरले आणि दारावर टकटक केली.

"आई, येऊ का आत?"

"उद्या या," आतून आवाज आला.

आवाज जरा घोगरा वाटला. पण दिवसभर बोलून बसला असेल, आणि पक्षीही नवा आहे. निरीक्षक समजूतदारपणे परत फिरला. शनिवारी त्यानं पुन्हा विचारलं. "उद्या या." रविवारी तेच. सोमवारी त्यानं पेरू आणला होता. "उद्या या." त्यानं पेरू उंबऱ्याशी ठेवला. तो मॅडमनं ढकलत नेऊन सोफ्याखाली घातला.

मंगळवारी सासूबाई लेकीला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जावई रुसलेत का गं माझ्यावर? त्या अहवालामुळे? पाच दिवस झाले, पोपटाकडे ढुंकून बघायला आले नाहीत."

"अगं, तूच त्यांना रोज उद्या या म्हणतेस."

"मी? मी कशाला म्हणेन? संध्याकाळी हा फार कर्कश ओरडतो, म्हणून मी तर सहाला कानातलं काढून ठेवते. आणि एक शब्द म्हणून बोलत नाही गं हा अजून."

बायकोनं निवाऱ्याच्या बाईंना फोन लावला. पलीकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज आला. हा पोपट अकरा वर्षं एका घड्याळजीच्या दुकानात, गल्ल्याशेजारी बसत होता. एरवी मुका. दारात गिऱ्हाईक आलं की तेवढं बोलायचा.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः दार उघडून जावयाला हाताला धरून आत नेलं आणि पिंजऱ्यापासून चार हातांवर स्टुलावर बसवलं. ज्यानं कुठल्या कारखान्याच्या दारातून 'उद्या या' ऐकून कधी पाऊल मागे घेतलं नव्हतं, तो निरीक्षक गुडघ्यांवर हात ठेवून बसला. पोपटानं मान वाकडी करून त्याला नीट निरखलं.

"सोमवारी दुकान बंद," पोपट म्हणाला.

निरीक्षकानं खिशातून डायरी काढली आणि तेवढं लिहून घेतलं.